लाल झाकायचं काम

माझं माहेर दापोलीकडचं, खाडीच्या काठावर, आणि आमच्या घराला गावात अजून रंगाऱ्याचं घर म्हणतात, जरी आता त्या घरात ब्रशला हात लावणारं कुणी उरलेलं नाही, एक भाऊ कुवेतला गेला, दुसऱ्याने मुंब्र्याला मोबाइलचं दुकान टाकलं, आणि ब्रश आला तो माझ्या हातात. मुलीच्या हातात कसा आला म्हणून विचारू नका, आला. अब्बा होड्या रंगवायचे, होडीवरची नावं रंगवायचे, मशिदीची कमान, शाळेची पाटी, जे येईल ते. अक्षर काढताना कडेला खडूची दोरी धरायला कुणीतरी लागायचं आणि भाऊ पळून जायचे, म्हणून मी धरायचे, एवढीच त्याची गोष्ट आहे. पुढे अब्बांची नजर गेली तेव्हा अक्षरं मी काढायला लागले आणि सही त्यांची राहिली.

पण तुम्ही विमानाचं विचारायला आला आहात, तर आधी दादांपासून सांगावं लागेल. दादा म्हणजे माझे आजोबा. दादा महायुद्धात होते. बंदूक घेऊन नाही, ब्रश घेऊन. इंग्रजांना रंगारी पाहिजे होते, दादा होड्या रंगवायचे, गेले. त्यांना पूर्वेकडे पाठवलं, बंगालच्या पलीकडे, जिथे एका बाजूला डोंगर आणि डोंगरापलीकडे जपानी. तिथे धावपट्टीच्या कडेला चटईचे मांडव घातलेले, त्यात विमानं उभी असायची, आणि दादांना काम दिलं ते लाल झाकायचं.

हे नीट लिहा, कारण सगळं भांडण यावरून आहे. इंग्रजांच्या विमानावर खूण म्हणून गोल असायचा, बाहेर निळा, मग पांढरा, मध्ये लाल, कुठे बाहेरून पिवळं कडं. आणि जपान्यांच्या विमानावर नुसता लाल गोळा. आता खाली तोफेवर बसलेला माणूस, त्याच्या डोक्यावरून विमान जातं किती वेळ, डोळा लवतो तेवढा. त्याला निळं दिसत नाही, पांढरं दिसत नाही, त्याला लाल दिसतं आणि तो गोळी मारतो. आपलंच विमान आपणच पाडायचं. म्हणून हुकूम निघाला की तिकडच्या सगळ्या विमानांवरचं लाल झाका. आधी पांढऱ्याने झाकलं, मग पांढरं लांबून चमकतं म्हणून फिकट निळ्याने झाकलं. बाहेर गडद निळा, आत फिकट निळा, बास. शेपटीवर उभे पट्टे असायचे त्यातलंही लाल काढलं. दादा सांगायचे, फिकट निळा डबा आलाच नव्हता, गडद निळ्यात पांढरा मिसळून आम्हीच ढवळायचो, त्यामुळे प्रत्येक विमानाचा निळा वेगळा.

विमानाला खिळा मारता येत नाही, नखाएवढं भोक पाडता येत नाही. म्हणून मध्ये पुट्टीचा गोळा चिकटवायचा, त्यात काडी, काडीला दोरी, दोरीला पेन्सिल, आणि गोल फिरवायचा. आमच्या घरात मी तसाच गोल काढायला शिकले. आणि दादा म्हणायचे, बाय गो, रंग डोळ्याने बघू नको, बोटाने बघ. जुन्या रंगावर नवा रंग चढवला की जुन्याची कड खालून वर येते. कितीही थर द्या, कड मरत नाही.

दादांच्या हातून एक चूक झाली होती. त्यांनी ती आयुष्यभर सांगितली, कुणी विचारलं नाही तरी सांगितली. एक विमान संध्याकाळी आलं, पंखांची वरची बाजू झाली, डब्यातला रंग संपला, उजेडही संपत आला होता, आणि डाव्या पंखाच्या खालच्या बाजूचं लाल राहिलं. ताटलीएवढं. दादा मुकादमाला म्हणाले, खालचं उद्या सकाळी करतो. मुकादम म्हणाला, कर. आणि सकाळी दादा निळं ढवळून घेऊन गेले तर मांडव रिकामा. विमान उडालं होतं. परत आलं तेव्हा आपल्याच तोफेवरच्या माणसाने खालून लाल पाहिलं आणि गोळी मारली. पायलट उतरला, पण त्याचा एक पाय गेला. कुणी दादांना काही बोललं नाही, हुकमाला मुदत होती, मुदत संपलेली नव्हती. पण दादा म्हणायचे, वरून बघणारा अल्ला, बाकी सगळे खालून बघतात, आणि मी खालचं ठेवलं. पुढे मरेपर्यंत त्यांनी होडीचा तळ आधी रंगवला आणि मग वरची बाजू. अब्बांनी तसंच केलं. मीही तसंच करते, भिंतीवर पाटी लावायची असली तरी आधी मागची बाजू रंगवते, लोक हसतात.

आता इकडचं सांगते. मी इथे सौदीत, हुफूफला आले त्याला बरीच वर्षं झाली. नवरा इथे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात. पहिली काही वर्षं मी घरात बसून होते, खजूर भरत होते, मुलीचा डबा करत होते. मग इथे बायकांना कामं मिळायला लागली आणि आमच्या अबू सालेहनी वर्कशॉप काढलं. अबू सालेह म्हणजे मालक, माझा कफील, ज्याच्या नावावर माझी इथली कामाची परवानगी. खजुराच्या बागा आहेत, पैसा आहे, आणि जुन्या मशिनींचा नाद आहे. त्यांचं खासगी म्युझियम आहे, त्यात जुन्या गाड्या, जुने पंप, आणि आता विमान. त्यांना हाताने अक्षर काढणारं माणूस पाहिजे होतं, नवऱ्याने माझ्या कामाचे फोटो दाखवले, आणि मला घेतलं. वर्कशॉपचा मॅनेजर नाशिकचा, देशमाने साहेब. मला वाटलं चला, मराठी माणूस आहे, निदान भांडण तरी मराठीत होईल. झालंच.

विमान आलं तुकड्या-तुकड्यांत. धड, शेपूट, दोन पंख. हिंदुस्तानात कुठल्याशा भंगारवाल्याच्या आवारात पडून होतं, तिथून विकत घेतलं. पंख लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले आणि देशमाने साहेब म्हणाले, आपा, जुना रंग काढा आणि या पोस्टरप्रमाणे मारा. पोस्टर छापून आलं होतं. त्यात विमान, पंखावर हा एवढा गोल, लाल, पांढरा, निळा, बाहेर पिवळं कडं. झगमगीत. आता कामाच्या कागदांत जुन्या खुणांचे तक्ते होते, मी ते फोनवर मोठे करून पाहिले होते. तिकडे विलायतेतसुद्धा युद्धात बहुतेक पंखाच्या वर नुसता लाल आणि निळा असायचा, तोही मातकट, चमकू नये म्हणून. पोस्टरवाल्याने कुठलं तरी खेळणं बघून काढलं होतं.

मी जुना रंग काढायला मशीन घेत नाही. पाण्याचा पॉलिश पेपर घेते, बारीक, आणि एका जागी गोल-गोल घासते, थर एकेक करून दिसतात. डाव्या पंखावर वर मातकट हिरवा होता. त्यावर मी आधी बोट फिरवलं, डोळे मिटून. आणि काय सांगू तुम्हाला, बोटाखाली कड लागली. गोल कड. आणि त्या गोलाच्या आत अजून एक गोल कड, लहान. मी पेपर भिजवला आणि बशीएवढी जागा घासली. हिरव्याखाली फिकट निळा आला. ब्रशने मारलेला, ब्रशचे केस दिसत होते त्यात. त्याच्याखाली पांढरा. आणि पांढऱ्याखाली लाल, तो मात्र फवाऱ्याने मारलेला, गुळगुळीत. मी तिथेच थांबले. हात धुतले आणि फोटो काढले.

मी देशमाने साहेबांना बोलावलं आणि सांगितलं, साहेब, हे विमान तिकडचं आहे, पूर्वेकडचं, याचं लाल आपल्या माणसांनी हाताने झाकलेलं आहे, हे घासायचं नाही, हे असंच ठेवायचं. दादांचंही सांगितलं, तेव्हाच सांगितलं, तीच माझी चूक झाली. ते म्हणाले, आपा, काय सांगता, भारी आहे. मग म्हणाले, पण निळ्यात निळा लोकांना कळणार नाही हो, लोकांना लाल लागतं. आणि पोस्टर छापून झालंय, पाहुण्यांचे टी-शर्ट छापून झालेत. मी म्हटलं, टी-शर्टावर काय पाहिजे ते छापा, विमानावर कशाला. ते म्हणाले, बघू. आता बघू म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. पण मी मूर्ख, मला वाटलं बघतील.

त्याच आठवड्यात माझी नणंद रत्नागिरीहून उमऱ्याला, म्हणजे मक्का-मदिनेच्या यात्रेला आली, मी चार दिवसांची रजा घेऊन तिला मदिनेला भेटायला गेले. परत आले त्या सकाळी वर्कशॉपच्या दारातच मला रंगाचा वास आला, ताजा. आत गेले. डावा पंख वरून घासून पांढरा पत्रा केलेला, उजवाही, आणि दोन्हींवर नवा गोल, लाल, पांढरा, निळा, पिवळा. पोस्टरसारखा. कड नाही, थर नाही, काही नाही. मोमीनभाई म्हणून आमचा बांगलादेशी घासणारा आहे, बिचारा माझं तोंड बघून मागे सरकला आणि म्हणाला, आपा, साहब बोला खलास करो, हम खलास किया. मी त्याला काय बोलणार. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं.

मी केबिनमध्ये गेले. मी ओरडले नाही, मी ओरडत नाही, पण टेबलावर हात आपटला असेन, चहा सांडला एवढं आठवतं. आणि देशमाने साहेब काय म्हणतात, अहो आपा, तुम्हीच खूश व्हायला पाहिजे, मोमीन घासत गेला तर तळाशी लालच निघालं, मूळ रंग लालच होता, आम्ही मूळ केलं. ऐका. आम्ही मूळ केलं! मी म्हटलं, साहेब, विलायतेतल्या फॅक्टरीत फवाऱ्याने मारलं ते मूळ, आणि आपल्या माणसांनी मांडवात बसून ब्रशने मारलं, ज्याच्यामुळे ते विमान आपल्याच गोळीने पडलं नाही, ते काय, डाग? ते म्हणाले, आपा, इतकं मनावर घेऊ नका. मी म्हटलं, मनावर नाही घेत, बोटाने बघितलं होतं मी, ते आता कुणाला बघता येणार नाही. एका दिवसात मशीन फिरवून तुम्ही ते धूळ करून झाडून टाकलंत. ते म्हणाले, फोटो आहेत ना तुमच्याकडे. फोटोला कड लागते का हो?

घरी आले तर मुलगी अभ्यास करत होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, अम्मी, इट्स जस्ट अ सर्कल, व्हाय आर यू सो अँग्री? मी म्हटलं, तुझ्या पेपरात तू बरोबर लिहिलेलं बाईंनी खोडून चूक लिहिलं आणि वर सुंदर अक्षर म्हणून शेरा दिला, तर तू काय करशील? ती म्हणाली, आय विल टेल द प्रिन्सिपल. बरं म्हटलं.

पण प्रिन्सिपलला दाखवायला काय होतं माझ्याकडे? फोटो. दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत पंखाशेजारी खाली बसले होते, डबा उघडला पण खाववेना, आणि तशी बसले असताना माझी नजर वर गेली. पंखाच्या खालच्या बाजूला. आणि मी डबा बाजूला ठेवला. खालचं कुणी घासलंच नव्हतं. पंख घोड्यांवर आडवा, मोमीनभाईंनी दिसलं तेवढं घासलं, साहेबांनी दिसलं तेवढं बघितलं, खाली वाकून बघायला कुणाला वेळ होता? मी पाठीवर झोपले, फरशीवर, अबायासकट, आणि हात वर करून बोट फिरवलं. कड होती. दोन्ही गोल होते. सगळं होतं.

दादांनी खालचं राहू दिलं आणि एका माणसाचा पाय गेला. यांनी खालचं राहू दिलं म्हणून माझं विमान वाचलं. मी हसले की रडले मला आठवत नाही, पण उठले आणि आधी पंखाभोवती दोरी बांधली आणि हाताने पाटी लिहून लावली, हात लावू नका, हिंदीत, इंग्रजीत आणि अरबीत.

अबू सालेह मंगळवारी येतात. त्यांच्यापुढे देशमाने साहेब लाल गोल दाखवत होते आणि ते मान डोलवत होते. मी पुढे गेले आणि माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, अबू सालेह, तहत, तहत, म्हणजे खाली बघा. साहेब म्हणाले, आपा, नंतर. मी म्हटलं, आत्ता. मी पुठ्ठा अंथरला. अबू सालेहांनी पुठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो पांढराशुभ्र पायघोळ तोब घातलेला म्हातारा सरळ पाठीवर झोपला. मी बशीएवढी जागा भिजवून घासली आणि त्यांचं बोट धरायचं तर परका पुरुष, म्हणून माझ्या ब्रशचं टोक लावून जागा दाखवली. त्यांनी बोट फिरवलं. कड लागली. त्यांनी पुन्हा एकदा फिरवलं. मग विचारलं, वरही असंच होतं? मी म्हटलं, होतं. कुणी काढलं? मी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, सर, इट वॉज अ टीम डिसिजन. टीम! मी मदिनेला होते, टीम होती म्हणे.

अबू सालेहांनी वरचं लाल नको म्हणून सांगितलं आणि मला विचारलं, तू जुन्यासारखं करून देशील? मी म्हटलं, निळं करून देईन, जुनं करून देता येणार नाही, जुनं गेलं. मी ते लाल घासलं नाही. पुट्टीचा गोळा, काडी, दोरी, आणि लालावर पांढरा, पांढऱ्यावर फिकट निळा, ब्रशने. पिवळं कडं मातकट हिरव्याने बुजवलं. कड राहिली आहे खाली. उद्या कुणी बोट फिरवलं तर त्याला कळेल की इथे काहीतरी झाकलेलं आहे.

इथे गोष्ट संपायला पाहिजे होती, पण देशमाने साहेब गप्प बसणारे नाहीत. उद्घाटनाच्या आधी कॅमेरावाला घेऊन आले. म्हणाले, आपा, तुमच्या आजोबांची गोष्ट इतकी सुंदर आहे, तुम्ही फक्त म्हणा की हे विमान माझ्या आजोबांनी रंगवलं होतं आणि आज नात रंगवते आहे, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. मी म्हटलं, आजोबांनी हेच रंगवलं होतं कशावरून? तिकडे रंगारी काय एकटे माझे आजोबा होते? ते म्हणाले, नव्हतं कशावरून? मी म्हटलं, साहेब, ज्या माणसाने आपली चूक कुणी विचारली नाही तरी आयुष्यभर सांगितली, त्याच्या नावावर मी खोटं बोलू? तुम्हीच कॅमेऱ्यापुढे उभे राहा आणि सांगा की वरचा रंग आम्ही इथे, या वर्कशॉपमध्ये, चुकून घासून टाकला. तेवढं सांगा, मग मी दादांचं खरं आहे ते सांगते. कॅमेरावाला बिचारा केरळचा, त्याला मराठी कळत नव्हतं, पण त्याने कॅमेरा खाली ठेवला.

मग बोर्ड आला. विमानापुढे लावायचा. साहेबांनी मजकूर लिहून दिला, मूळ रंग अत्यंत काळजीपूर्वक जपण्यात आला आहे, असं, इंग्रजीत आणि अरबीत, हाताने लिहा म्हणून माझ्याकडे. मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही, खालच्या बाजूचा असं लिहा, मग लिहीन. दोनच शब्द घाला. अबू सालेहांपर्यंत गेले, ते म्हणाले, बिंती, म्हणजे पोरी, आता राहू दे, पाहुणे येत आहेत. त्यांनी माझं ऐकलं होतं एकदा, दुसऱ्यांदा नाही ऐकलं. मी लिहिलं नाही. साहेबांनी गावातल्या प्रिंटिंगवाल्याकडून स्टिकर छापून आणला आणि बोर्डावर चिकटवला.

पण एक गोष्ट अबू सालेहांनी केली, ती सांगायला पाहिजे. पंखाखाली फरशीवर मोठा आरसा बसवला, म्हणजे लोकांना वाकावं लागू नये, उभ्या-उभ्या खालची मी घासलेली जागा आणि तिच्याभोवतीची गोल कड दिसावी. आता लोक येतात, बायका त्या आरशात अबायाचा पदर सारखा करतात, पोरं जीभ काढून बघतात. वरचा गोल बघतात तो माझा, आणि खालचा जुना तो शंभरातल्या दोघांना दिसतो. दिसतो तर दिसतो.

नवरा म्हणतो, झालं ना तुझ्या मनासारखं, सोड आता. कुठे झालं? पंखाची वरची बाजू कुणीतरी, आपल्या मुलखातल्या कुणीतरी, घाम पुसत निळी केली होती, तो माणूस नावानिशी कधी कुणाला माहीत नव्हता, त्याचा एवढाच ब्रश उरला होता, आणि तो आपल्याच माणसाने पोस्टरसाठी झाडून टाकला. आणि वर काळजीपूर्वक.

देशमाने साहेब आता रियाधला आहेत, मोठ्या कामावर. अल्ला त्यांचं भलं करो, मुलाबाळांना सुखी ठेवो, फक्त त्यांच्या हुकमाखाली पुन्हा घासायचं मशीन न देवो. मी आहे तिथेच आहे. दर गुरुवारी आरसा पुसते, खाली वाकून पंखाची धूळ मऊ फडक्याने काढते. त्या हॉलला पश्चिमेकडे काच आहे आणि दुपारनंतर हुफूफचं ऊन थेट बोर्डावर पडतं. स्टिकरचा डावा कोपरा सुटला आहे, त्या काळजीपूर्वकच्या इंग्रजी ओळीतला पहिला शब्द वळायला लागला आहे. सगळे म्हणतात, आपा, जरा दाबून टाका. मी बोर्डाला हात लावत नाही. ब्रश मात्र धुऊन ठेवला आहे, आणि तो बोर्ड उघडा पडेल त्या दिवशी त्याच्यावर काय लिहायचं ते मला पाठ आहे.